जुन्या गाडीतला सिगारेटचा वास: प्रकल्प नोंदी

३० मार्च २०२५, रविवार (पाडवा)

गाडी घरी आली. स्विफ्ट, पेट्रोल, २०१६ची, एमएच १४ पासिंग. इंजिन, गिअर, टायर सगळं आपल्या मेकॅनिकला दाखवून घेतलंय, त्यात काही काढण्यासारखं नाही. भानगड वासाची आहे. डीलरकडे बघायला गेलो तेव्हा डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची जेलची डबी, आरशाला टांगलेलं आणखी एक सुगंधी प्रकरण, चारही काचा खाली आणि वर एसी चालू. आधीचा माणूस ओढणारा होता हे त्यावरूनच कळलं. त्या नावाखाली भाव बराच खाली आणला, तेव्हा आता कुरकुर करायला जागा नाही.

हार, नारळ, पेढे झाले. आईला मागे बसवून तळजाईपर्यंत चक्कर मारली. तिला दमा आहे. सिंहगड रस्ता सोडायच्या आत तिने काच खाली केली आणि पदर नाकाला लावला. काम कधी संपलं म्हणायचं ते तिथेच ठरलं: काचा बंद, एसी चालू, आणि आई मागे बसून निवांत बोलतेय.

दोन्ही सुगंध कचऱ्यात. जोवर ते आत आहेत तोवर खरा वास कुठून येतो ते कळणार नाही.

५ एप्रिल, शनिवार

आठवडाभर गाडी उन्हात, काचा बंद. दुपारी दार उघडलं की भपकारा. पहिल्या मिनिटात सगळ्यात जोरात, मग नाक सरावतं आणि वाटतं, कमी झाला की! या नाकावर विसंबून काही ठरवायचं नाही.

म्हणून आज बरण्यांची परीक्षा घेतली. जुन्या पांढऱ्या चादरीचे तुकडे कोमट पाण्यात पिळून एकेका जागी घासले आणि झाकणाच्या काचेच्या बरण्यांत टाकले: छत, ड्रायव्हरचा बेल्ट, सीट, दाराचं पॅड, खालची मॅट, पुढची काच, एसीची तोंडं. बरण्या गच्चीत उन्हात ठेवल्या आणि तासाभराने वहिनीला बोलावलं. वहिनीचं नाक घरात प्रसिद्ध आहे, उतू जायच्या आधी तिला दूध कळतं. बरण्यांवर फक्त आकडे, कुठला तुकडा कुठला ते तिला सांगितलं नाही.

तिने लावलेला क्रम: ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छत पहिलं, बेल्ट दुसरा, एसीची तोंडं तिसरी. सीट बरीच खाली. मला सीट पहिली येईल असं वाटत होतं. पण सीटवर रेक्झिनचं कव्हर आहे आणि रेक्झिन पुसलं की साफ होतं. त्याच्याखाली काय आहे ते कव्हर काढल्यावर कळेल.

काचेच्या तुकड्यावर पिवळट तपकिरी पट्टा आला होता. सन व्हायजर खाली ओढून बघितलं तर त्याच्या मागचं छत अजून राखाडी-पांढरं आहे आणि भोवतीचं मेणचट पिवळं. व्हायजरची आकृतीच छापलेली दिसते.

६ एप्रिल, रविवार

काम नाही, फक्त वाचन. कारण समजून घेतल्याशिवाय बाटल्या आणायच्या नाहीत.

धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात डांबराचे अतिसूक्ष्म थेंब असतात, बहुतेक एका मायक्रॉनपेक्षा लहान. ते जिथे टेकतात तिथे चिकट थर धरतात. निकोटिन या थरात मुरतं, आणि कापड, फोम, प्लास्टिक यांना घट्ट धरून बसतं. ऊन लागलं की थरातले रेणू उडतात, हवा दमट झाली की पुन्हा सुटतात. काचा उघड्या ठेवून गाडी आठवडाभर फिरवली तर हवा बदलते, थर तसाच राहतो.

२०१०मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून तंबाखूतल्या कर्करोगकारक नायट्रोसामाइनांसारखी द्रव्यं तयार करतं. त्यांच्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्याच्या ट्रकच्या आतले पृष्ठभागही तपासले होते आणि तिथे ही द्रव्यं सापडली. तेव्हा 'वासच तर आहे, जाईल' एवढ्यावर सोडण्यासारखं हे प्रकरण नाही. (सार्वजनिक जागी धूम्रपानाला आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८पासून बंदी आहे. टॅक्सी त्यात येते, स्वतःची गाडी नाही. म्हणून गाडीत बसून निवांत ओढणारे पुष्कळ.)

कामाची गोष्ट ही: निकोटिन अल्कधर्मी आहे. आम्लाशी त्याचं मीठ होतं आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणजे व्हिनेगर उपयोगी. खायचा सोडा मात्र स्वतःच अल्कधर्मी, तो निकोटिनला हातही लावत नाही. धुरातल्या आंबट द्रव्यांवर थोडाफार चालतो, एवढंच. शिवाय पूड फोममध्ये शिरली की व्हॅक्यूमने पुरती निघत नाही आणि पावसाळ्यात ओल धरते. सोडा बाद.

सामान: साधं पांढरं व्हिनेगर (साधारण ४ टक्क्यांचं), प्रयोगशाळांना माल देणाऱ्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल, बोहरी आळीतून मऊ ब्रश आणि मायक्रोफायबरचा गठ्ठा, कपड्यांचा सौम्य द्रव साबण. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम भाड्याने.

१२ एप्रिल, शनिवार

सीटा बाहेर. आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं आणि वेळ जाऊ दिला, कारण एअरबॅग आणि बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेत चार्ज शिल्लक असू शकतो. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले की ते त्या यंत्रणेचे, त्यांच्याशी खेळायचं नाही. पुढच्या सीटचे चारही बोल्ट सुटले, पण मागच्या बाजूचा एक गंजलेला होता, त्याला तेल पाजून अर्धा तास वाट पाहावी लागली.

सीटच्या रुळांमध्ये राख. फिल्टरची थोटकं, एक लायटर, माणिकचंदची रिकामी पुडी, पेट्रोल पंपाची पावती. राख तेलकट झाल्यामुळे व्हॅक्यूमने निघेना, ब्रशने खरवडली.

रेक्झिनची कव्हरं उतरवली. खाली कंपनीचं कापड जवळपास नवं आहे, उजव्या मांडीपाशी जळल्याची दोन भोकं सोडली तर. म्हणजे कव्हर आधीपासून नव्हतं, भोकं पडल्यावर झाकायला घातलं. फोमला वास आहे पण हलका.

१३ एप्रिल, रविवार

मॅटिंग. आपल्याकडे गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात कंपनीच्या कार्पेटवर रेक्झिनची मॅट चिकटवायची पद्धत आहे. धुवायला सोपी, हे खरं. पण कडेच्या फटींतून धूळ, राख, छत्रीचं पाणी सगळं खाली जातं आणि तिथेच कोंडतं. मॅट सोलली तेव्हा खालचं कार्पेट आणि त्याखालचं जाड नमदं ओलसर होतं. पॅसेंजरच्या पायापाशी तर हात दाबला की पाणी वर येत होतं. हा वास सिगारेट आणि ओलसर गोणपाट यांचं मिश्रण. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली असावी, ती पुढच्या शनिवारी बघू.

कार्पेट काढून गच्चीत टांगलं. आधी कोरडा व्हॅक्यूम, मग एक भाग व्हिनेगरला तीन भाग पाणी फवारून ब्रश, लगेच ओला व्हॅक्यूम. टाकीत आलेलं पाणी बघून दादा म्हणाला, "हे बेसिनमध्ये ओतू नकोस." पाणी निवळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. एप्रिलचं ऊन आहे म्हणून हे शक्य, जुलैत कोणी करू नये.

रेक्झिनची मॅट परत बसवायची नाही असं ठरलं. सुट्या रबरी मॅटा घेऊ, काढून झटकता येतील अशा.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी होती म्हणून बेल्ट. पाचही पट्टे शेवटपर्यंत ओढून वर कपड्यांचा चिमटा लावला, म्हणजे आत पळत नाहीत. बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबण. बेल्टला व्हिनेगर, अल्कोहोल, ब्लीच काही लावायचं नाही. पट्ट्याचा धागा कमकुवत झाला तर अपघातात तोच दगा देईल. मागच्या पट्ट्यांचं पाणी मळकट, ड्रायव्हरच्या पट्ट्याचं कडक चहासारखं. तोंडासमोरून जाणारा पट्टा, वर्षानुवर्षं धूर थेट त्याच्यावर. रात्रभर ताणलेले ठेवले. ओला पट्टा गुंडाळीत गेला तर बुरशी.

१९ एप्रिल, शनिवार

एसी. यात वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

काचा बंद करून ओढणारा माणूस एसी बहुधा आतल्याआत हवा फिरवण्यावर ठेवतो. त्या वेळी ब्लोअर पॅसेंजरच्या पायापाशी असलेल्या तोंडातून आतलीच हवा ओढतो. म्हणजे प्रत्येक झुरक्यातला काही धूर ब्लोअरच्या पात्यांवर आणि एव्हापोरेटरच्या (एसीचा हवा थंड करणारा भाग) पत्र्यांवर जातो. ते पत्रे थंड आणि ओले असतात, त्यांच्यावर धूळ आणि डांबर छान बसतं. एसी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात जो भपकारा येतो तो इथला.

ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचं झाकण उघडलं. केबिन फिल्टर काळा, पानं आणि किडे अडकलेले, बहुधा कधीच बदललेला नाही. (काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये फिल्टर येतच नाही, नुसती खाच असते. जुनी गाडी घेताना हे बघून घ्यावं.) नवा फिल्टर नाना पेठेतून आणला, कोळशाचा थर असलेला. तो शेवटी बसवायचा. आधी घातला तर सफाईचीच घाण तो पिऊन टाकेल.

ब्लोअरजवळचा रेझिस्टर काढला की मिळणाऱ्या भोकातून नळी घालून एव्हापोरेटरवर फेसाचा क्लीनर मारला. मोटरवर जाणार नाही याची काळजी. फेस विरघळून खालच्या नळीतून बाहेर पडायला हवा. पडेना. गाडीखाली झोपून नळीत पातळ तार घातली, आधी चिखलाचा बोळा आला आणि मागून भसकन तपकिरी पाणी. कार्पेट कशाने भिजलं होतं तेही उलगडलं. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा फेस. मग एसी बंद, ब्लोअर जोरात, दारं उघडी, सगळं वाळेपर्यंत.

२० एप्रिल, रविवार

प्लास्टिक आणि काचा. डॅशबोर्ड, दारांची पॅडं, हँडल, व्हायजर, आरशाची मागची बाजू, स्टिअरिंग कॉलमखालचं कव्हर. व्हिनेगरचं पाणी कापडावर घेऊन, मग साधं पाणी, मग कोरडं. काचांना आयसोप्रोपिल. मीटरच्या पारदर्शक झाकणाला अल्कोहोल लावायचं नाही, ते धुरकट होतं, तिथे नुसतं ओलं कापड. डिकीतला पुठ्ठा आणि स्टेपनीचा खळगाही झाला.

२६ एप्रिल, शनिवार

छत. हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं कारण इथे सगळ्यात जास्त थर आहे आणि जोर सगळ्यात कमी लावता येतो. छताचं कापड पातळ फोमवर आणि फोम कडक बोर्डवर गोंदाने चिकटवलेला असतो. भिजवलं तर गोंद सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. जुन्या अँबेसिडरमध्ये डोक्याला लागणारं छत ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

फवारा छतावर नाही, कापडावर. कापड पिळून, एकाच दिशेने, वितभर जागा, कापडाची घडी बदलून पुन्हा. कापडं पिवळी होत गेली आणि दुपारपर्यंत व्हायजरची आकृती फिकट झाली. मिटली नाही.

१ मे, गुरुवार

गाडी जोडली, नवा फिल्टर बसवला, दोन दिवस उन्हात बंद ठेवली. दार उघडल्यावर ओल्या कार्पेटचा वास पार गेलेला. सिगारेट शोधावी लागते. आईने स्वारगेटपर्यंत काचा बंद ठेवल्या. येताना "जरासा आहे रे" म्हणाली.

पार्किंगमध्ये दारं उघडी बघून सल्ले सुरू आहेत. तळमजल्यावरच्या काकांचा आग्रह कापलेल्या कांद्याचा. दुसऱ्यांचा कापराचा. कॉफीच्या बिया, लिंबाच्या साली, कोळसा. यातला कोळसा खरा आहे, सक्रिय कोळसा हवेतले रेणू धरतो. पण छतात मुरलेलं डांबर तो ओढून काढत नाही. बाकी सगळं एका वासावर दुसरा चढवणं. काकांना म्हटलं, कांद्याचा वास काढायला मग काय ठेवू? ते रागावले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोललेही नाहीत.

गाड्या डिटेलिंग करणाऱ्या एका दुकानात ओझोनची चौकशी केली. यंत्र आत ठेवतात, गाडी बंद करतात, अर्ध्या-एक तासात वास गायब. ओझोन वासाच्या रेणूंचं ऑक्सिडीकरण करतो, त्यामुळे वास जातो हे खरं. पण थर जाड असेल तर तो वरवरचंच जाळतो आणि खालून पुन्हा वास येतो. निकोटिनशी त्याची क्रिया झाली की फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्यं निघतात. नैसर्गिक रबराला तो चिरा पाडतो. आणि फुप्फुसांना स्वतःच त्रासदायक. दम्याच्या माणसासाठी गाडी करतोय, तिथे हा उपाय मला पटत नाही. सगळं धुऊन झाल्यावर उरलेल्या झुळकीसाठी कोणी केला तर गोष्ट वेगळी. तिथला मुलगा मात्र धुण्याच्या ऐवजी हाच करा म्हणत होता.

२७ मे, मंगळवार

यंदा पावसाने कॅलेंडर बघितलं नाही. काल २६ तारखेलाच मान्सून मुंबई-पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं, त्याआधीही मेभर झोडपतोच आहे. सकाळी गाडीचं दार उघडलं आणि सिगारेट परत हजर. उन्हाळ्यात जवळजवळ गेलेली.

३१ मे, शनिवार

पहिली शंका ओलीची. रबरी मॅटा उचलून कार्पेट दाबून बघितलं, कोरडं ठणठणीत. एसीची नळी वाहतेय. दारांची रबरं ठीक. म्हणजे पाणी आत येत नाहीये, फक्त हवा दमट आहे आणि थरातले रेणू सुटतायत.

पुन्हा बरण्या, पुन्हा वहिनी. या वेळी एसीची तोंडं, सीट, कार्पेट यांत तिला काहीच सापडलं नाही. बेल्टच्या बरणीपाशी जरा थांबली. छताची बरणी उघडली आणि लगेच बंद केली. "हा माणूस वर तोंड करून ओढायचा का?"

धूर वर जातो आणि छताचा फोम म्हणजे भोकांचाच बनलेला. कापडाचा वरचा थर पुसला गेला, फोम तसाच भरलेला आहे. याच्यापुढे पुसण्यात अर्थ नाही. छत उतरवायचं.

७ जून, शनिवार

स्वारगेटच्या बाजूला सीट आणि हूडचं काम करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे. त्यांचं म्हणणं, बोर्डसकट नवं मागवण्यापेक्षा कापड बदलू, बोर्ड चांगला आहे. काम समोर उभं राहून पाहिलं. व्हायजर, हँडल, आतला दिवा, पिलरची (काचांमधल्या उभ्या खांबांची) कव्हरं काढली. कव्हरांच्या एक-दोन क्लिपा तुटतातच, त्या नाना पेठेत सुट्या मिळतात. बोर्ड मागच्या दारातून अख्खा बाहेर आला. न दुमडता काढणं हीच कारागिरी, एकदा मोडला की कायमची घडी दिसते.

कापड सोललं. ड्रायव्हरच्या बाजूचा फोम हातात पिठासारखा भुगा होत होता आणि रंग गडद तपकिरी, डाव्या बाजूला पिवळा. मामांनी हुंगला आणि म्हणाले, "साहेब, यात एक टपरी आहे."

त्यांचा बेत लगेच नवं कापड चिकटवायचा होता. मी बोर्ड एक दिवस मागून घेतला. गोंद आणि फोमचे उरलेले कण खरवडले, आयसोप्रोपिलने बोर्ड पुसला. ऊन नव्हतं, म्हणून घरात पंख्याखाली. रात्री बोर्डला नाक लावलं तर काही नाही. गाडीच्या उघड्या पत्र्यालाही आतून तेच कापड फिरवलं, तिथेही पिवळं निघालं, थोडंसं.

८ जून, रविवार

नवं कापड बसलं. मामांनी अडीच हजार घेतले, क्लिपा वेगळ्या. आता गोंदाचा वास येतोय, तो जाईपर्यंत काही ठरवायचं नाही. पाऊस थांबला की काचा बोटभर खाली.

२९ जून, रविवार

तीन आठवडे पावसात गाडी रोज वापरात. गोंद गेला. आज सकाळी आईला घेऊन सासवडला जाऊन आलो, दिवे घाटात धुकं होतं म्हणून काचा बंद, एसी चालू. तिने जाताना सगळ्या नातेवाइकांची खबरबात सांगितली आणि येताना झोप काढली. वासाचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.

दुपारी बरण्या. छत: वहिनीच्या मते नव्या कापडाचा वास. एसी, सीट, दारं, काचा: काही नाही. ड्रायव्हरचा बेल्ट: "आहे, पण शोधलं तर." पट्टा धुतला होता, तेव्हा संशय पिलरच्या आत असलेल्या गुंडाळीवर. तिच्याशी ताणणारी यंत्रणा जोडलेली आहे, ते मी स्वतः उघडणार नाही. पुढच्या सर्व्हिसिंगला वर्कशॉपमध्ये पिलरचं कव्हर काढून बाहेरून पुसून घ्यायला सांगायचं, तोवर पट्टा महिन्यातून एकदा ताणून साबणाने धुवायचा.

बाकी राहिलेलं: सीटवरची दोन भोकं मामांकडे रफू. कोळशाचा फिल्टर दिवाळीच्या आसपास बदलणे, पहिला लवकर भरला असणार. भाड्याचा व्हॅक्यूम कधीच परत गेला, पण त्याची एक नळी आपल्याकडेच राहिलीय, ती पोचवणे.